शेवगावच्या मुलांना ‘धर्म’ हा विषय द्या

प्रति,
माननीय कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे



मी शेवगावचा. तालुक्यातल्या महाविद्यालयात एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो. हे पत्र माझ्या कपाटातल्या एका वहीमुळे लिहितो आहे, म्हणून आधी त्या वहीचे सांगतो.

दोनशे पानी, रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची वही. ती मला प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने दिली. तिचे आईवडील ऊसतोडीला, कोयत्यावर जायचे. दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरून कारखान्याला निघायचे ते हंगाम संपून पट्टा पडल्यावर परतायचे. ती आजीपाशी राहून शिकली. मी वर्गाला सांगितले होते की घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जात्यावरची एखादी ओवी लिहून आणा. बाकीच्यांनी एकेक, दोन-दोन ओव्या आणल्या. या मुलीने आजीचे अख्खे वर्ष लिहून आणले.

रंगपंचमीला मढीला कानिफनाथ, येताना रेवडी. आषाढीला पंढरपूर झाले नाही तर वरूर. श्रावणी सोमवारी घोटणचा मल्लिकार्जुन. नवरात्रात मोहट्याला पायी, जमले तर अमरापूरची रेणुकाही. बोधेगावला बन्नोमाँच्या दर्ग्याची यात्रा, तेव्हा मलिदा. एकनाथषष्ठीला पैठण. प्रत्येक नोंदीपुढे आजी काय खाते, काय खात नाही, कोणासाठी बोलली, नवस फिटला की नाही. आणि डाव्या पानावर मुलीचे स्वतःचे प्रश्न, पेन्सिलीने. एक अजून डोळ्यांसमोर आहे : ‘मुजावर फातिहा वाचतात तेव्हा हात पसरतात. आजी हात जोडते. दोघेही डोळे मिटतात. दोघे एकच मागतात का?’

वर्ग सुटल्यावर तिने मला विचारले, “सर, याच विषयात बी.ए. करता येतं का?”

“कोणत्या विषयात?”

“हेच. देवधर्म. म्हणजे करायचा नाही, समजून घ्यायचा.”

मी माहितीपुस्तक काढले. मराठी होते, हिंदी होते, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र होते. तिने विचारलेले त्यात नव्हते. मी म्हणालो, इतिहास घे. तिने घेतला, चांगल्या गुणांनी पासही झाली. आज ती नवऱ्यासोबत चाकणला आहे, दोघेही कंपनीत जातात. जाण्याआधी वही माझ्याकडे ठेवून गेली. “तुमच्याकडे राहू द्या सर, माझ्याकडं हरवंल.”

कुलगुरू महोदय, त्या दिवशी मी तिला खोटे सांगितले नाही, पण पुरे उत्तरही दिले नाही. पुरे उत्तर असे होते की ती मागत होती तो विषय जगात आहे, शंभराहून अधिक वर्षे आहे, आणि तो आपल्याकडच्याच एका माणसाने सातासमुद्रापार जाऊन शिकला होता.

विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीचा मुलगा, फर्ग्युसनमधून १८९८ साली बी.ए. झाला. १९०१ मध्ये तो ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेला आणि दोन वर्षे तिथे धर्मशास्त्र आणि तौलनिक धर्माभ्यास शिकला. युनिटेरियन मंडळींनी शिष्यवृत्ती दिली होती, सयाजीराव गायकवाडांनी मदत केली होती. एस्टलिन कार्पेंटरसारखे पाली आणि बौद्ध धर्म जाणणारे शिक्षक त्याला तिथे मिळाले. १९०३ मध्ये परतल्यावर त्याने काय केले? मठ काढला नाही, संप्रदाय काढला नाही. प्रार्थना समाजाचा प्रचारक म्हणून गावोगाव हिंडला. १९०५ साली आपल्या नगरजवळच्या भिंगारला अस्पृश्यांची एक सभा रात्री भरली होती, तिथे तो गेला. त्या सभेने त्याच्या आयुष्याचे वळण ठरवले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्याने डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. महर्षी शिंद्यांविषयी शाळेत आपण अस्पृश्यतानिवारण एवढेच शिकवतो. ऑक्सफर्डची ती दोन वर्षे कोणी सांगत नाही. धर्म ही वस्तू हातात घेऊन, उलटून पालटून, तिची शिवण कुठे आहे ते पाहायला तो तिथे शिकला. म्हणूनच भिंगारच्या रात्री त्याला समोरची माणसे दिसली आणि त्यांच्यावर लादलेला धर्मही दिसला, असे मला वाटते.

दुसरे नाव आपल्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावाशी बांधलेले आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षे गेली. त्या काळात राजकारण होते, घटना होती, मंत्रिपद होते. आणि त्या सगळ्याच्या बरोबरीने एक माणूस जगातले धर्म समोर मांडून वाचत होता, तपासत होता. एखादा धर्म सोडण्यापूर्वी आणि दुसरा घेण्यापूर्वी इतका अभ्यास केलेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये आला. येवल्याची पोरे आज आपल्याच विद्यापीठाची पदवी घेतात. त्यांनाही हा विषय घेता येत नाही.

आता आपल्याला वाटेल, विद्यापीठात पाली विभाग आहे, तत्त्वज्ञान विभाग आहे, संतांच्या नावाची अध्यासने आहेत, मग आणखी काय हवे? ती आहेत याचा अभिमान आहे. पण ती पुण्याच्या आवारात आहेत आणि बहुतेक पदव्युत्तर पातळीची आहेत. मी बोलतो आहे ते अठरा वर्षांच्या मुलीबद्दल, जी शेवगावच्या स्टँडवर उतरून कॉलेजात येते आणि संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने परत जाते. आणि मी बोलतो आहे ते धर्म या विषयाला स्वतंत्र नाव, स्वतंत्र तास, स्वतंत्र परीक्षा देण्याबद्दल.

अमेरिकेत लिबरल आर्ट्स म्हणतात तशी लहान महाविद्यालये आहेत. दीड-दोन हजार मुले, चार वर्षांची पदवी, आणि गणित किंवा इतिहास घ्यावा तसा कोणी ‘रिलिजन’ हा मुख्य विषय घेतो. घेणारा ख्रिस्ती असतो, यहुदी असतो, हिंदू असतो, काहीच न मानणाराही असतो. त्याला कोणी विचारत नाही की तू काय मानतोस. विचारतात की तू काय वाचलेस, कशावरून म्हणतोस. एलिनॉर झेलियट अशाच एका महाविद्यालयात, मिनेसोटातल्या कार्लटनला, इतिहास शिकवत. चोखामेळा आणि आंबेडकर या दोघांवर त्यांनी आयुष्य घातले. तिकडच्या अशा महाविद्यालयांची पदवीची पोरे अनेक वर्षे पुण्यात येऊन राहिली, मराठी घरांत जेवली, मराठी शिकली आणि वारीवर, देवळांवर, दर्ग्यांवर आपले छोटे प्रकल्प लिहून गेली. वीस वर्षांची पोरे! आपल्या वीस वर्षांच्या पोरांना वारी माहीत आहे, चालता येते, अभंग पाठ आहेत. वारीवर चाळीस पाने लिही असे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नाही.

आपल्याकडे हे काम झाले ते एकेकट्या माणसांच्या जिद्दीवर. रा. चिं. ढेरे कोणत्याही धर्मविभागात शिकले नाहीत. विठ्ठल, खंडोबा, लज्जागौरी, नाथ, दत्त, मुसलमान मराठी संतकवी, सगळे त्यांनी पोथ्या धुंडाळत, गावे तुडवत लिहिले. त्यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’चे इंग्रजी भाषांतर अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २०११ मध्ये केले आणि मग ते जगभरच्या धर्मविभागांत गेले. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मूळ मराठी प्रत होती. मी ती घरी नेली तेव्हा तिच्या मागच्या कार्डावर माझ्याआधी एकच तारीख होती.

आणि आमचा भाग कसा आहे ते एकदा नकाशावर पाहावे, ही विनंती.

इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुंगी-शेवगाव हे नाव पाठ असते. पालखेडला निजामाला कोंडल्यावर पहिल्या बाजीरावाने मार्च १७२८ मध्ये इथेच तह केला. प्रश्न येतो, मुले उत्तर लिहितात, दोन गुण मिळतात. पण तीच मुंगी, गोदावरीच्या काठची, निंबार्क संप्रदायाच्या परंपरेत निंबार्काचार्यांचे जन्मस्थान मानली जाते. द्वैताद्वैत मांडणारे, राधा-कृष्णाच्या युगुल उपासनेचे आचार्य. त्यांचे पीठ राजस्थानात सलेमाबादला आहे, व्रज प्रदेशात त्यांचे अनुयायी पसरलेले आहेत. वृंदावनात राधेचे नाव घेणारा भक्त ज्या गावाकडे मनाने नमस्कार करतो, ते गाव आमच्या तालुक्यात आहे आणि आमच्या मुलांना त्या गावाचा फक्त तह माहीत आहे. परंपरा असे का मानते, अभ्यासक काळाबद्दल का भांडतात, तेलंग ब्राह्मण घराण्याची कथा गोदाकाठी कशी आली, राधा आमच्या विठ्ठलापाशी का नाही आणि रुक्मिणीच का आहे, यातला एकेक प्रश्न एकेका सत्राला पुरेल.

एसटीने तासाभरात नेवासे. शके १२१२ मध्ये जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैस खांब. दुसरीकडे तेवढ्याच अंतरावर पैठण, एकनाथांचा वाडा, आणि तेच पैठण महानुभावांच्या लीळाचरित्रातही, चक्रधरांच्या पायांखालचे. एक गाव, दोन पंथ. एकाने गीतेवर ओवी रचली, दुसऱ्याने आठवणींचे गद्य रचले, आणि त्या दोघांचे एकमेकांशी नीट पटलेही नाही. श्रीगोंद्याला शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे मुसलमान संत, ज्यांना वारकरी आपले मानतात. पाथर्डी तालुक्यात चिचोंडीला जन्मलेले जैन आचार्य आनंदऋषी. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन. तिथेच सिंथिया फॅरारबाईंच्या शाळेत सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले. ना. वा. टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा जो कोंडमारा झाला आणि पुढे त्यांनी स्वतःच्या पायांनी जी वाट काढली, ती ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, आणि त्यातले नगर आमचे नगर आहे. शहराला लागून अरणगावापाशी मेहेरबाबांची समाधी, जिथे जगभरातून माणसे येतात. शिर्डी आणि शिंगणापूर तर सगळ्यांना ठाऊकच.

ही यादी देवस्थानांच्या माहितीपत्रकात सापडेल. त्या मुलीच्या वहीने मला दाखवले ते मात्र माहितीपत्रकात नाही. वहीत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : आई. आजी मोहट्याच्या देवीला आई म्हणते, बन्नोमाँला आई म्हणते. ज्ञानोबांना माउली म्हणते, ते पुरुष असूनही. आणि एका पानावर लिहिले आहे की सप्टेंबरात शेजारीण हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाते, तिच्याबरोबर आजीने एकदा मेणबत्ती पाठवली होती. श्रीरामपूर तालुक्यातले हरेगाव, मारियामातेचा जन्मदिन, हजारो माणसे. तिथे माउली हा शब्द कोणत्या वाटेने गेला? पाद्र्यांनी निवडला की आयाबायांनी आपल्या तोंडचा चिकटवला? वारकरी जेव्हा पुरुष संताला माउली म्हणतो तेव्हा तो नेमके काय मागतो, आणि ख्रिस्ती बाई मारियेला तोच शब्द लावते तेव्हा काय मागते? एका जिल्ह्यातला एक शब्द. यावर एक चांगला शोधनिबंध होईल, आणि तो लिहायला ऑक्सफर्डहून कोणी यायला नको. त्या मुलीकडे तो लिहिण्यासाठी लागणारे सगळे होते : भाषा होती, आजी होती, मुजावरांच्या घरात पाय ठेवायला मिळत होता. विषय तेवढा नव्हता.

आता ज्या गोष्टीची आपल्याला आणि मलाही भीती आहे तिच्याबद्दल.

१४ मे २०२३ च्या रात्री शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. नंतर बाजारपेठ बंद राहिली, गावात पोलीस आले, माणसे खिडक्या लावून बसली. मी गच्चीवर उभा होतो. खालून पळणाऱ्या आवाजांमध्ये दोन आवाज माझ्या ओळखीचे होते. दोघेही माझ्या वर्गातले, दोघे वेगवेगळ्या घोळक्यातले. २०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेने मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत बंदी करण्याचा ठराव केला, तो प्रशासनाने ग्राह्य धरला नाही. मढी म्हणजे जिथे गोपाळांची होळी मानाची, कैकाड्यांची काठी कळसाला लावायचा मान, जिथे गाढवांचा बाजार भरतो आणि भटक्या जमातींच्या पंचायती बसत आल्या. कानिफनाथांनाच शाह रमजान म्हणून मानणारी माणसेही तिथे आहेत. या सगळ्याला इतिहास आहे, त्या इतिहासात प्रेम आहे आणि तंटेही आहेत. तो कोणीतरी कागदपत्रे आणि माणसे दोन्ही समोर ठेवून शिकवावा लागतो.

अभ्यासाने दगड थांबतात असे मी म्हणत नाही. शिकलेल्या माणसांनीही दगड मारले आहेत. मी एवढेच म्हणतो की माझ्या त्या दोन विद्यार्थ्यांना मी तीन वर्षे मराठी शिकवले, दुसऱ्या कोणी अर्थशास्त्र शिकवले, आणि ज्या गोष्टीपायी ते त्या रात्री रस्त्यावर आले तिच्याबद्दल आम्ही कोणी एक तासही बोललो नाही. ते त्यांना मोबाइलवरून कळत होते. धर्म पाळायला घर शिकवते. धर्मावरून भांडायला मोबाइल शिकवतो. धर्म वाचायला आणि त्याला प्रश्न विचारायला शिकवण्याची जागा महाविद्यालयाची होती आणि ती आम्ही मोकळी ठेवली.

काही जण मला ५ जानेवारी २००४ ची आठवण करून देतील. जेम्स लेन हे अमेरिकेतल्या मॅकॅलेस्टर या लिबरल आर्ट्स महाविद्यालयात धर्म हाच विषय शिकवणारे. त्यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुरावरून संताप उसळला आणि पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. म्हणजे हा विषय आणला तर हेच होणार, असे म्हणतील. माझे मत उलटे आहे. त्या पुस्तकातला मजकूर मराठी माणसाला दुखावणारा होता. पण त्याला उत्तर द्यायला, ‘हे कशावरून लिहिलेत, पुरावा दाखवा’ असे त्याच शास्त्राच्या भाषेत विचारायला आपल्याकडे त्या विषयात तयार झालेली पाचशे माणसे असती, तर हातात काठ्या घ्याव्या लागल्या नसत्या आणि ज्या पोथ्या आपल्या पूर्वजांनी जपल्या त्या आपल्याच माणसांच्या पायदळी आल्या नसत्या.

कायद्याची अडचण पुढे केली जाईल, तीही खरी नाही. राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते की संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. बरोबरच आहे, ते तसेच राहावे. पण धर्माची दीक्षा देणे वेगळे आणि धर्मांविषयी शिकवणे वेगळे, हा फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये शाळांमधले सक्तीचे बायबलवाचन बंद केले, आणि त्याच निकालात धर्माचा अभ्यास म्हणून अभ्यास करायला आडकाठी नसल्याचे सांगितले. त्यानंतर तिथल्या सरकारी विद्यापीठांतही हे विभाग वाढले. पाथर्डीला आनंदऋषींच्या प्रेरणेने जैन धार्मिक परीक्षांचे मंडळ उभे राहिले. ते धर्मशिक्षण आहे, श्रद्धावंतांनी श्रद्धावंतांसाठी चालवलेले, आणि मला त्याबद्दल आदर आहे. मी मागतो आहे ते त्याहून वेगळे. माझ्या वर्गात जैन मुलगा कुराणाचे मराठी भाषांतर वाचेल, मुसलमान मुलगी धम्मपद वाचेल, बौद्ध मुलगा ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय वाचेल, आणि परीक्षेत कोणालाही आपल्या श्रद्धेचे गुण मिळणार नाहीत किंवा कापले जाणार नाहीत.

ही कल्पना परकीही नाही. बडोद्याच्या कॉलेजात सयाजीरावांनी शंभर वर्षांपूर्वी धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी विजरी नावाचे प्राध्यापक आणले होते. १९४९ साली, म्हणजे आपले विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, डॉ. राधाकृष्णन यांच्या आयोगाने अहवाल दिला. त्यात पदवीच्या पहिल्या वर्षी बुद्ध, येशू, महंमद, कबीर, नानक अशा धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी निरनिराळ्या धर्मग्रंथांतले निवडक उतारे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मूळ प्रश्न शिकवावेत, अशी शिफारस होती. तीन वर्षांचा आराखडाच तो. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने गुरू गोविंदसिंगांच्या त्रिशताब्दीनिमित्त १९६७ मध्ये धर्माभ्यासाचा विभाग काढला, तो आजही आहे. यूजीसीच्या नेट परीक्षेत ‘तौलनिक धर्माभ्यास’ हा विषय आहे. म्हणजे हा विषय शिकवणारा प्राध्यापक कसा असावा ते देशाने ठरवले आहे. त्याने उभे राहायचे वर्ग मात्र आपल्या विद्यापीठाच्या तीन जिल्ह्यांतल्या ग्रामीण महाविद्यालयांत नाहीत.

आणि आमच्यापाशी फुले आहेत. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात, जे १८९१ मध्ये त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले, त्यांनी एक घर कल्पिले आहे. त्या घरातली बाई बुद्धाचा ग्रंथ वाचून तो धर्म घेते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्माचे पुस्तक वाचून त्याप्रमाणे वागतो, आणि सगळी एका छपराखाली प्रेमाने राहतात. हे वर्णन मी वर्गात अनेकदा सांगितले. मुलांना त्यातले प्रेमाने राहणे लक्षात राहते. मला त्यातले वाचणे महत्त्वाचे वाटते. जोतीरावांच्या घरात प्रत्येकाने आधी पुस्तक वाचले आहे. ज्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे, त्याने तरी ही वाचनाची खोली उघडावी.

नोकरीचे काय, हा प्रश्न पालक विचारतील आणि तो विचारायचा त्यांना हक्क आहे. शेतातली मिरची विकून फी भरणाऱ्या बापाला मी हवेतले उत्तर देणार नाही. इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलेला मुलगा आज जे करतो तेच हा विषय घेतलेलाही करेल : स्पर्धा परीक्षा देईल, बी.एड. करेल, पोलीस होईल, वार्ताहर होईल. फक्त उद्या एखाद्या यात्रेचा बंदोबस्त त्याच्याकडे आला, किंवा तहसीलमध्ये एखाद्या जागेच्या वादाची फाइल त्याच्या टेबलावर आली, तर त्याला त्या जागेपाशी कोण कशासाठी हात जोडतो हे ठाऊक असेल. आमच्या जिल्ह्यात देवस्थाने हजारोंना रोजगार देतात. तिथे हिशेब ठेवणारे आहेत, रांगा लावणारे आहेत. जुने कागद, शिलालेख, मोडी दप्तरे वाचून ठेवणारे फार थोडे आहेत.

लगेच मेजर द्या असे मी म्हणत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे, भारतीय ज्ञानप्रणालीचा विषय आहे, क्षेत्र प्रकल्प आहे. या रकान्यांत आज महाविद्यालये हाताशी असेल ते भरत आहेत. नगर जिल्ह्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांत ‘धर्माभ्यास’ हे मायनर म्हणून सुरू करावे. शिकवायला सुरुवातीला मराठी, इतिहास, तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक असतील. त्यांना उन्हाळ्यात पुण्याला बोलावून पाली विभागातल्या, तत्त्वज्ञान विभागातल्या जाणत्या माणसांपाशी चार आठवडे बसवावे. विद्यार्थ्याने एक तरी जुनी भाषा किंवा लिपी घ्यावी : मोडी, पाली, संस्कृत, उर्दू, जी जमेल ती. आणि तिसऱ्या वर्षी प्रत्येकाने आपल्या नव्हे तर शेजाऱ्याच्या देवस्थानावर प्रकल्प करावा. वारकऱ्याच्या मुलाने चर्चवर, ख्रिस्ती मुलीने विहारावर. मुजावरांच्या मुलाने पैस खांबापाशी चार दिवस बसून तिथे येणाऱ्यांशी बोलावे. हा एक नियम मी सोडणार नाही.

अभ्यास मंडळासमोर ठेवण्याजोगा चार पेपरांचा आराखडा मी हाताने लिहून काढला आहे. वाचनासाठी मराठीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची नोंद त्यात आहे. ती पुरेशी आहेत, इंग्रजीवाचून अडणार नाही. आपण वेळ दिलीत तर मी स्वतः घेऊन येईन. विद्यापीठाच्या नगर उपकेंद्रात बोलावलेत तर तिथे येईन. बरोबर वहीही आणेन. तिच्या मालकिणीला मी मागच्या महिन्यात फोन करून विचारले की कुलगुरूंना दाखवू का. ती म्हणाली, दाखवा सर, पण परत आणा. आजी गेली दिवाळीनंतर. तिची बाकीची वर्षं मला आता आठवून लिहायचीत.

कळावे,

आपला नम्र,
मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक
शेवगाव, जि. अहिल्यानगर